वस्त्राभिकल्प शिक्षण (उच्च माध्यमिक स्तर)

वस्त्राभिकल्प शिक्षण : कापडाची वीण, पोत, रंगसंगती आणि त्यावरील आकृतिबंध यांची उत्पादनापूर्वी केलेली योजना म्हणजे वस्त्राचा अभिकल्प (डिझाइन) होय. ही योजना करण्याची विद्या अनेक देशांत शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षांत, म्हणजे सामान्यतः दहावीनंतरच्या दोन वर्षांत, स्वतंत्र विषय म्हणून शिकविली जाते. चित्रकला, हस्तव्यवसाय व तंत्रविद्या या तिन्हींच्या सीमेवर हा विषय उभा आहे. कागदावर काढलेली फुलापानांची नक्षी हा अभिकल्पाचा केवळ आरंभ असतो. ती कोणत्या धाग्यांतून, कोणत्या मागावर अथवा कोणत्या छपाईपद्धतीने कापडावर उतरणार हे ठरल्याशिवाय अभिकल्प पूर्ण होत नाही. महाराष्ट्रात चित्र काढण्याचे शिक्षण, विणण्याचे शिक्षण आणि यंत्रविद्येचे शिक्षण हे तीन प्रवाह दीर्घकाळ एकमेकांपासून अलग वाहत राहिले. ते शाळेतच एकत्र येतात की नाही, यावर या विषयाचे शैक्षणिक मूल्य अवलंबून आहे.

पारंपरिक शिक्षण : शाळा हे वस्त्राभिकल्पाचे मूळ स्थान नव्हे, ही विद्या विणकरांच्या घरांत वाढली. पैठण व येवले येथील पैठणीच्या पदरावरील मोर, पोपट, कमळ, वेल इ. आकृत्या परंपरेने कोणत्याही यांत्रिक साधनाशिवाय विणल्या जात. वेगवेगळ्या रंगांच्या रेशमाच्या लहान कांड्या हाताने फिरवून, शेजारशेजारचे आडवे धागे एकमेकांत अडकवून ही नक्षी साधली जाते. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरू कापडात मूळ विणीच्या जोडीला जादा आडवे धागे घालून नक्षी उठविली जाते. कोणत्या ओळीला कोणते उभे धागे उचलायचे याची नोंद पूर्वी मागाला बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळ्यातच साठविलेली असे. म्हणजेच, दोऱ्यांची गुंफण हाच अभिकल्पाचा लेख होता.

अशा घरांतील मुलेमुली कांड्या भरणे, धागे सांधणे यांसारख्या कामांतून हळूहळू विणकामाकडे वळत. या शिक्षणाचे बलस्थान असे, की शिकणाऱ्याच्या मनात आकृती आणि धागा यांची फारकत कधी होत नसे. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या : ज्ञान कुटुंबाबाहेर सहसा जात नसे, ठराविक आकृत्यांचीच पुनरावृत्ती होई आणि माग बंद पडला म्हणजे विद्याही त्याच्याबरोबर लोपत असे.

महाराष्ट्रातील शालेय परंपरा : मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेमुळे पश्चिम भारतात कलेच्या औपचारिक शिक्षणाचा पाया घातला गेला. शाळांमधील चित्रकलेला निश्चित स्वरूप मिळाले ते शासकीय रेखाकला परीक्षांमुळे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या नावांनी परिचित असलेल्या या परीक्षा पुढे कला संचालनालयाच्या (स्थापना १९६५) कक्षेत आल्या. त्यांतील ‘संकल्पचित्र’ हा भाग महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना वस्त्राभिकल्पाच्या सर्वांत जवळ नेणारा आहे. दिलेल्या चौरसात, वर्तुळात किंवा आयतात पाने, फुले, पक्षी यांचे अलंकरण करून रंग भरणे, असे त्याचे सामान्य स्वरूप असते. त्यातून समतोल, लय, पुनरावृत्ती आणि रंगांचा परस्परसंबंध यांची चांगली तयारी होते. तथापि तेथे आकृती कागदाच्या चौकटीत संपते. वस्त्रावरील आकृतीला मात्र चौकट नसते, ती वारंवार येत राहते. तिच्या कडा पुढच्या आवर्तनाशी जुळाव्या लागतात.

दुसरा प्रवाह वर्ध्याहून निघाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा तपशीलवार अभ्यासक्रम तयार केला. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी असलेल्या या मूलोद्योग शिक्षणात सूतकताई व विणकाम यांना प्रमुख स्थान होते. टकळीवर सूत कातताना गणित, कापसाच्या निमित्ताने भूगोल आणि कापडाच्या निमित्ताने इतिहास शिकवावा, अशी त्यामागील दृष्टी होती. १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत या योजनेची कक्षा रुंदावून तीत उत्तर बुनियादी, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांपुढील मुलांच्या शिक्षणाचा, समावेश करण्यात आला. धागा विद्यार्थ्याच्या हातात देणारा हा प्रयोग होता. परंतु त्याचा भर स्वावलंबन व श्रमप्रतिष्ठा यांवर होता, आकृती आणि रंग यांच्या नवनिर्मितीवर नव्हता.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२–५३) बहुउद्देशी शाळांची शिफारस करून अभ्यासक्रमाच्या सात शाखा सुचविल्या. त्यांपैकी ललित कला, गृहविज्ञान व तंत्रशिक्षण या तीन शाखांचा वस्त्राशी संबंध येत होता. त्याचा परिणाम मात्र विषयाचे विभाजन होण्यात झाला. तंतूंची ओळख आणि कपड्यांची निगा गृहविज्ञानात गेली व हा विषय बहुतांशी मुलींचा मानला गेला. नक्षी चित्रकलेत राहिली. यंत्रे तंत्रशाळेत गेली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) उच्च माध्यमिक स्तराच्या व्यवसायीकरणावर भर दिला आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८८ पासून, केंद्र शासनाच्या साहाय्याने दहावीनंतरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना चालना मिळाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अकरावी-बारावीच्या कौशल्यविषयांत ‘टेक्स्टाइल डिझाइन’ या विषयाचा समावेश केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामान्य व व्यावसायिक शिक्षण यांमधील भेद नाहीसा करण्याचे उद्दिष्ट नमूद केले आहे.

अभ्यासाचे स्वरूप : या स्तरावरील अभ्यासाचे तंतू व सूत, वीण, आकृतिबंधाची मांडणी, रंग आणि अंत्यसंस्करण (कापड तयार झाल्यावर त्यावर केल्या जाणाऱ्या प्रक्रिया) असे ढोबळ भाग पडतात.

तंतूंची ओळख साध्या प्रयोगांनी होते. सुताचे टोक ज्योतीत धरले असता कापूस कागदासारखा जळतो व मऊ राख सोडतो. लोकर व रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. हे ज्ञान पुढे रंग निवडताना लागते, कारण प्रत्येक तंतूला सर्व रंग लागू पडत नाहीत. १९५६ मध्ये बाजारात आलेली प्रक्रियाशील रंजके (रिॲक्टिव्ह डाय) कापसाशी रासायनिक बंधाने जोडली जातात. रेशीम व लोकर यांना अम्ल रंजके, तर पॉलिएस्टरला अपस्करित रंजके (डिस्पर्स डाय) वापरावी लागतात. कापडाचे वजन हाही अभिकल्पाचाच भाग होय. दहा सेंमी. लांबी-रुंदीचा तुकडा कापून त्याचे वजन ग्रॅममध्ये घेतले व त्याला शंभराने गुणले, म्हणजे दर चौरस मीटरचे वजन मिळते. पडद्याचे कापड आणि साडीचे कापड यांतील फरक विद्यार्थ्याला अशा मोजमापातून नेमका कळतो.

विणींचे मूलभूत प्रकार तीन : साधी, तिरकस (ट्विल) आणि साटीन. साध्या विणीत उभा धागा (ताणा) व आडवा धागा (बाणा) एकाआड एक वरखाली होतात. तिरकस विणीत हा क्रम प्रत्येक ओळीत एका धाग्याने सरकतो व कापडावर तिरप्या रेघा उमटतात. जीनचे कापड हे तिचे परिचित उदाहरण आहे. साटीनमध्ये धाग्यांच्या गाठभेटी विरळ व विखुरलेल्या असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत व चमकदार दिसतो. हे सर्व चौकटीच्या कागदावर मांडता येते : प्रत्येक उभा रकाना हा ताण्याचा एक धागा, प्रत्येक आडवी ओळ हा बाण्याचा एक धागा आणि जेथे ताणा वर असेल तो चौकोन भरलेला.

चित्रकाराची दृष्टी आणि विणकराची दृष्टी यांतील अंतर या कागदावरच प्रथम लक्षात येते. समजा, एखाद्या कापडात इंचाला ताण्याचे ८० व बाण्याचे ६० धागे आहेत. सामान्य आलेख कागदावर ६० चौकोन रुंद व ६० चौकोन उंच असे सुबक वर्तुळ काढले, तर कापडावर ते पाऊण इंच रुंद आणि एक इंच उंच होईल; म्हणजे वर्तुळाचे उभे अंडाकृती होईल. वर्तुळ वर्तुळच राहावे यासाठी ज्याच्या चौकोनांची रुंदी व उंची ३ : ४ या प्रमाणात आहे असा कागद घ्यावा लागतो. चित्र म्हणून निर्दोष असलेली आकृती वस्त्र म्हणून सदोष कशी ठरते, याचा बोध या एका उदाहरणातून होतो.

यंत्राच्या मर्यादाही अभिकल्पाला आकार देतात. फ्रान्समधील लिआँ येथील झोझेफ मारी झाकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्रणेत छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक उभा धागा स्वतंत्रपणे उचलता येऊ लागला. सोलापूरच्या प्रसिद्ध चादरींवरील नक्षी याच यंत्रणेने (जकार्ड) साधली जाते. अशा मागाला ४०० आकडे असतील, प्रत्येक आकड्याला आवर्तनातील एक धागा जोडलेला असेल आणि इंचाला ८० धागे असतील, तर आकृतीचे एक आवर्तन पाच इंचांहून अधिक रुंद होऊ शकत नाही. छपाईतही असेच बंधन असते. फिरत्या जाळीच्या छपाईयंत्रातील नळकांड्याचा परीघ सामान्यतः ६४ सेंमी. असतो, म्हणून आवर्तनाची उंची ६४, ३२ किंवा १६ सेंमी. अशी, परिघाला पूर्ण भागणारी असावी लागते. २५ सेंमी. उंचीचे आवर्तन कितीही सुंदर असले, तरी अशा नळकांड्यावर त्याचा सांधा जुळत नाही.

आवर्तनाच्या मांडणीचे सरळ, आरशातील प्रतिबिंबासारखी आणि अर्ध्या उंचीने उतरती असे प्रमुख प्रकार आहेत. सरळ मांडणीत आकृत्यांच्या आडव्या रांगा डोळ्यांत भरतात. अर्ध्या उंचीने उतरत्या मांडणीत शेजारचा उभा पट्टा निम्म्या आवर्तनाने खाली येतो, त्यामुळे रांगा मोडतात व आकृती मोठ्या क्षेत्रावर पसरल्याचा भास होतो. विद्यार्थ्याने एकाच फुलाच्या आकृतीची मांडणी या तिन्ही प्रकारे करून पाहणे हा या विषयातील एक मूलभूत अभ्यास समजला जातो.

रंगाच्या बाबतीतही कागद आणि कापड यांत फरक पडतो. लाल ताणा व पिवळा बाणा घेऊन साधी वीण विणली, तर जवळून दोन्ही रंगांचे ठिपके दिसतात, पण काही अंतरावरून कापड नारिंगी भासते. रेशमासारख्या चकाकणाऱ्या धाग्यात घडी हलली, की कधी एक रंग उठून दिसतो तर कधी दुसरा. यालाच ‘धूपछाव’ म्हणतात व पैठणीत हा परिणाम विशेष खुलतो. रंगपेटीतील नारिंगी रंगाने हा अनुभव देता येत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याच्या चौकटीवर दोरे ताणून का होईना, प्रत्यक्ष विणावे लागते.

कला व उद्योग यांचा दुवा : चित्रकाराने मागाजवळ यावे, हा प्रयत्न शाळेबाहेर वेळोवेळी झाला. जर्मनीतील बौहाउस (१९१९–३३) या संस्थेच्या विणकामशाळेत गुंटा श्टोल्झल व ॲनी ॲल्बर्स यांनी विणीलाच अभिकल्पाचे मूळ मानले. भारतात १९५० नंतरच्या दशकात हातमाग मंडळाच्या आश्रयाने विणकर सेवा केंद्रे सुरू झाली व त्यांत कलाशाळांतून बाहेर पडलेल्या चित्रकारांना नेमण्यात आले. के. जी. सुब्रमण्यन (१९२४–२०१६) यांनी काही काळ मुंबईत हातमाग मंडळात काम केले. जे. जे. कलाशाळेत शिकलेले मराठी चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांनी वाराणसी व पुढे मुंबई येथील केंद्रांत दीर्घकाळ अभिकल्पकार म्हणून नोकरी केली. चित्रकार व विणकर यांची ही भेट दोघांच्याही शिक्षणानंतर घडत होती. तीच विद्यार्थिदशेत घडावी, ही उच्च माध्यमिक स्तरावरील विषयाची खरी कामगिरी होय.

महाराष्ट्रात ही गरज १९८० नंतर अधिक तीव्र झाली. मुंबईच्या मोठ्या गिरण्यांतून स्वतंत्र अभिकल्प विभाग असत व कलाशाळांतील पदवीधरांना तेथे काम मिळे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि उत्पादनाचा भार मुख्यतः भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर आला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला होता. यंत्रमागांची लहान घटके स्वतंत्र अभिकल्पकार बाळगू शकत नाहीत. तेथे मागणीप्रमाणे अथवा बाजारातील नमुन्याबरहुकूम कापड काढण्याकडे कल असतो. अशा घटकाचा चालक किंवा त्याची मुले शाळेतच चौकटीचा कागद वाचायला शिकली, तर नवा नमुना बाहेरून विकत आणण्याऐवजी घरीच तयार होऊ शकतो.

माग नसलेल्या भागातील शाळा : विणकरांच्या गावांतच हा विषय शिकविता येतो, असा समज आहे, तो बरोबर नाही. पुणे-नाशिक महामार्गावरील इंद्रायणीकाठचे मोशी हे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झालेले गाव याचे चांगले उदाहरण ठरू शकते. भोसरी व चाकण या औद्योगिक क्षेत्रांच्या मधोमध वसलेल्या या परिसराची ओळख वाहने व त्यांचे सुटे भाग यांमुळे आहे, कापडामुळे नाही. परंतु वाहनाच्या आसनाचे आवरण हे एक कठोर कसोटीचे वस्त्रच असते. ते बहुधा पॉलिएस्टरचे असून त्याला फेसाळ पदार्थाचा (फोम) थर चिकटविलेला असतो. त्याची वीण घर्षण सोसणारी, रंग उन्हाने न विटणारा आणि आकृती अशी असावी लागते, की तुकडे कापून शिवल्यावर सांध्यांशी ती विसंगत दिसू नये. छताचे अस्तर, पायाखालचे जाजम, गाळण्या, सुरक्षापट्टे ही सर्व तांत्रिक वस्त्रेच होत. वाहनातील एखाद्या वस्त्राचा तुकडा भिंगाखाली उसवून त्याची वीण चौकटीच्या कागदावर उतरविणे हा अशा शाळेतील विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगा पाठ आहे.

दुसरे साधन घरांतच असते. औद्योगिक पट्ट्यात कामासाठी राज्याच्या सर्व भागांतून कुटुंबे येऊन स्थायिक झाली असल्याने एकाच वर्गात सोलापुरी चादर, धनगरी घोंगडी, इरकली लुगडे, विदर्भातील करवतकाठी साडी व जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी असे नमुने गोळा होऊ शकतात. गोधडी (वाकळ) तर माग नसलेल्या घरातील अभिकल्पाचा उत्तम पाठ आहे : मर्यादित तुकडे, त्यांच्या रंगांची मांडणी, धावदोऱ्याच्या टाक्यांची लय आणि उबेसाठी ठरविलेली जाडी या सर्वांचा विचार ती शिवणारी स्त्री करीत असते. या वस्तूंचे मोजमाप, वीण, रंग व उपयोग यांची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवली, म्हणजे घरातील ज्ञान हे पाठ्यपुस्तकातील ज्ञानाच्या बरोबरीला येते.

मूल्यमापन व पुढील वाटा : या विषयाची परीक्षा केवळ लेखी घेतल्यास त्याचा हेतू विफल होतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात शालान्त स्तरावरील वस्त्र व अभिकल्प या विषयात निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः सिद्ध केलेल्या मोठ्या प्रकल्पासाठी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यात तयार वस्तूबरोबर कल्पनेचा उगम, सामग्रीची निवड व केलेल्या चाचण्या यांची नोंदवहीही तपासली जाते. इंग्लंडमध्ये कला व अभिकल्प या विषयाच्या उच्च स्तरीय परीक्षेत वस्त्राभिकल्प ही एक शाखा आहे. अशा पद्धतीत फसलेला नमुनाही नोंदीसह जपला जातो, कारण तो का फसला हे सांगता येणे हाच शिक्षणाचा पुरावा असतो. संगणकावरील आज्ञावलींमुळे आवर्तन जुळविणे व रंग बदलून पाहणे आता क्षणार्धात होते. मात्र पडद्यावर प्रत्येक कापड सारखेच सपाट दिसते. जाडी, लोंबण, खरखर, आटणे हे गुण हाताला कळतात. म्हणून संगणकाचा पाठ हातविणीच्या पाठानंतर येणे इष्ट ठरते.

बारावीनंतर या विद्यार्थ्यांना कलाशाळांतील वस्त्रकला अभ्यासक्रम, अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था (स्थापना १९६१) व राष्ट्रीय फॅशन तंत्रविज्ञान संस्था (स्थापना १९८६) यांसारख्या संस्था खुल्या असतात. विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांना मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था (स्थापना १८८७) किंवा इचलकरंजी येथील वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी संस्था (स्थापना १९८२) येथील वस्त्रविद्येकडे वळता येते. या उच्च संस्थांतील जागा थोड्या असतात आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षांचा रोख बहुधा रेखाटन व कल्पकता यांवर असतो. मागावर वाढलेल्या मुलाचे कौशल्य त्यांत पुरेसे प्रकट होतेच असे नाही. उलट, रेखाटनात निपुण असलेल्या अनेकांनी प्रवेशापूर्वी एकही ओळ विणलेली नसते. पहिल्याला रेखाटनाची भाषा आणि दुसऱ्याला धाग्याची भाषा देण्याचे काम उच्च माध्यमिक शाळा करू शकते.

पैठणी, सोलापुरी चादर, करवतकाठी इ. वस्त्रांना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आहे. त्यामुळे नाव व उत्पत्तिस्थान यांचे रक्षण होते. नवा आकृतिबंध मात्र संरक्षणातून निर्माण होत नाही, तो शिकलेल्या डोळ्यांतून व हातांतून निर्माण होतो. शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत मुलांचे हात अजून नव्या सवयी घेण्याजोगे असतात आणि त्यांची बुद्धी प्रमाण, आवर्तन व रसायन यांचा हिशोब पेलण्याइतकी परिपक्व झालेली असते. या वयात कागद आणि धागा एकत्र हाती आले, तर विणकराचा वारसा आणि कारखान्याची गरज या दोन्हींना उपयोगी पडणारा अभिकल्पकार घडू शकतो. ते अलग राहिले, तर नक्षी काढणारे व कापड काढणारे असे दोन वर्ग पूर्वीप्रमाणेच एकमेकांना अपरिचित राहतात.